मामाकडची चटणी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
३ नोव्हेंबर १९९६

चि. जोतीराम यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं शेंगांचं पोतं उघडलं, तर आत हिरवीगार बाग! पावसात उपटलेल्या शेंगा ओल्याच खताच्या पोत्यात कोंबायची तुझी पद्धत औरच. जरा वाळवल्या असत्यास तर तुझं अंगण झिजलं असतं काय? प्रियदर्शनी सातव्या महिन्यात माहेरी आलीय, मामाकडची चटणी हवी म्हणून डोकं खातेय. पोटुशा लेकीला ही बुरशी घालू? पोतं परत पाठवतेय. माझी माया आहे तशीच आहे.

तुझी आक्का

मलकापूर
९ नोव्हेंबर

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

शहरात राहून तुझं नाक फारच नाजूक झालं की! असल्याच शेंगा खाऊन आपण वाढलो. तुझ्या भावजयीनं, शालूनं, काळे दाणे निवडून कोंबड्यांना टाकले. उरलेले मी धुतले, खरपूस भाजले, लसूण-मिरची दुप्पट घालून चटणी कुटली. आता कडवटपणा शोधून दाखव! बरणी पाठवलीय, भाचीला पोटभर चार.

तुझ्या टोमण्यांचा भुकेला,
जोतीराम

मंगळवार पेठ
१३ नोव्हेंबर

चि. जोतीराम, अनेक आशीर्वाद. चटणी संपली. झालं समाधान?

आक्का

मलकापूर
१९ नोव्हेंबर

आक्का,

चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरकडं देतोय. कोंबड्या मेल्या, खुराडं मोकळं झालं. गुरांचे डॉक्टर म्हणाले, बुरशीचं विष धुऊन-भाजून जात न्हाय, चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातबी असतंय. आणि चटणी मी माझ्या हातानं कुटली. पोरीला आधी दवाखान्यात ने. मी स्टँडवर गेलतो, पण तुला तोंड दाखवायचं धाडस होईना, परत फिरलो. ती कशी आहे एवढंच लिही.

जोतीराम

मंगळवार पेठ
२० नोव्हेंबर

चि. जोतीराम यास अनेक आशीर्वाद.

रडू नकोस. पोरगी ठणठणीत आहे. चटणी आली त्याच दिवशी मी परड्यात खड्डा काढून पुरली. खरं सांगितलं असतं तर तू जन्मभर फुगून बसला असतास. प्रियदर्शनीला सांगितलं, मीच सगळी खाल्ली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि गरोदर लेकीच्या तोंडचा घास पळवणारी आई म्हणून अख्ख्या गल्लीत माझं नाव झालंय. आता खडखडीत वाळलेल्या शेंगा घेऊन स्वतः ये आणि तुझी बहीण हावरी नाही हे तिला सांग.

तोंड दाखवायची लाज कसली? ते आम्ही तुझ्या जन्मापासून सोसतोय.

वाट पाहणारी,
आक्का