एकच वाफ, दोन कामं

३ फेब्रु.
उमरीजवळच्या या कागद मिलमध्ये दुसरा महिना. मालकांनी बोलावलं. उसाच्या चोथ्याचा लगदा करून आम्ही खोक्यांचा कागद काढतो, बॉयलरही चोथ्यावरच. म्हणाले, "मॅडम, जुनं टर्बाइन भंगारात देऊ. सगळीच वीज बाहेरून घेऊ. परवडतं का, आठ दिवसांत सांगा." टर्बाइन गेलं की ते चालवणारे दगडूमामाही गेले. कंधारचे, माझ्याच तालुक्याचे. बावीस वर्षं त्याच मशीनवर.

५ फेब्रु.
मामांबरोबर फिरले. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात टर्बाइनची आकृती काढून पास झाले होते, चालतं मशीन पाहिलं नव्हतं. मामा म्हणाले, "ही वाफ आधी चाक फिरवती, वीज देती. मंग दमून खाली येती."
"मग?"
"मंग कागद वाळवती. दमली हाय, मेली न्हाई."
ओला लगदा तापलेल्या सिलिंडरवरून जाताना पाहत राहिले. पलीकडं कोरडा कागद. वाफ तीच. जेवायची सुट्टी संपली तरी तिथंच.

७ फेब्रु.
आकडे मांडले. टर्बाइन काढलं तरी कागद वाळवायला वाफ लागणारच. चोथा थोडाच कमी जळेल. म्हणजे आपली वीज जवळजवळ फुकट. हे तीनदा तपासलं, खरंच वाटेना.
पण दुरुस्ती महाग. कागदाचं मशीन थांबलं की वाफेला वाट नाही, टर्बाइनही बंद. मालक अगदीच चूक नाहीत.

१० फेब्रु.
दुपारी बाहेरची लाइन गेली. मालक नेमके खाली होते. सगळा भार टर्बाइनवर आला, दिवे मंदावले. मामांनी दोन मोठे पंप बंद करायला लावले, हात व्हॉल्व्हवर, डोळे काट्यावर. दिवे सावरले. आजूबाजूच्या गावांची वीज बंद, आमचा कागद चालूच. कुठं तुटला नाही.
मालक हळूच म्हणाले, "दरवेळी असंच होतं?"
"हाव. तुमी पयल्यांदा बघून राहिले."

११ फेब्रु.
दोन्ही बाजू लिहून दिल्या. मालकांनी वाचलं. एवढंच विचारलं, "दिवाळीला मामा रिटायर. पुढं कोण?"
"मी शिकते." विचार करायच्या आधीच बोलून गेले.
त्यांनी माझा कागद घडी घालून खिशात ठेवला. ना हो, ना नाही.
मी खाली टर्बाइनपाशी आले. मामांनी लांब स्क्रूड्रायव्हर बेअरिंगला टेकवून मूठ माझ्या कानाला लावली. "काय ऐकू येतंय?"
एक सलग, खोल घुमणं. आत खूप काहीतरी धावत असल्यासारखं. त्यात चांगलं काय, बिघडलेलं काय, अजून काहीच कळत नाही.