नव्या स्लोगाचे कुरण

मी, देसांका, कै. राडिशा वुलेतिच यांची विधवा, वय वर्षे ७४, राहणार यासिकोवो, शाळेची शेवटची परीक्षा पास झालेली असल्यामुळे वकिलाचा खर्च न करता हा कागद माझ्याच अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करायची नसते. कोणी दटावलेले नाही, कोणी गोड बोललेले नाही. गोड बोलायला घरी कोणी येतच नाही. याआधी काही लिहिलेले सापडले तर ते रद्द समजावे.

१. राहते घर, भांडीकुंडी आणि पोस्टातली शिल्लक मुलगी ल्युबिंका हिला. घर मात्र माझ्यानंतर येणाऱ्या पहिल्या एकोणीस डिसेंबरपर्यंत विकू नये; का, ते खाली चौथ्या कलमात येईल. वॉशिंग मशीन तिने लगेच न्यावे. गेल्या वसंतापासून त्यात फुटबॉलचे चिखलाने माखलेले शर्ट धुतले जातात. "आजी, माझा आठ नंबर अजून ओलाच आहे," असे सांगायला माणसे येतात; साबण घेऊन अजून कोणी आलेले नाही.

२. हद्दीवरचे प्लमचे झाड शेजारीण विदोसावा हिला. या झाडावरून आम्ही बावीस वर्षे एकमेकींशी बोललो नाही. झाड माझेच होते आणि आजही माझेच आहे, म्हणून तर देता येते.

३. आता कुरण. मुलगा स्लाजान याला जुन्या स्लोगा क्लबने अडतिसाव्या वर्षी राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवले. त्याला ते सोसले नाही. रुसलेले आणखी दहाबारा जण गोळा करून त्याने 'नवी स्लोगा' काढली. स्लोगा म्हणजे एकी. भांडून निघाले आणि नाव एकीचे ठेवले! सर्वांत खालच्या लीगमध्ये नाव घालायला मैदान लागते, म्हणून मी घरामागचे कुरण एका हंगामापुरते लिहून दिले. राडिशाने सव्वीस वर्षे जुन्या क्लबच्या रेषा आखल्या, पण स्वतःच्या गवताला कोणाला हात लावू दिला नव्हता. मी दिला. ती चूक माझी.

मग क्लबला संत हवा झाला. आमच्याकडे घराला संत असतो, तसा क्लबलाही लागतो. स्लाजान म्हणाला, "आई, आपलाच निकोलस घेऊ. सणाचा पाव तर तू भाजतेसच." मला बरे वाटले, हे कबूल करते. त्याने भिंतीवरची तसबीर काढली आणि कपडे बदलायच्या खोलीत मोज्यांच्या वर टांगली.

संत निकोलसचा सण एकोणीस डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या उपासात येतो; त्यात मासे चालतात, मांस नाही. घेवडा आणि मासे, याखेरीज त्या दिवशी या घरात काही शिजलेले नाही; युद्धातसुद्धा नाही. मी पाव आणि गव्हाचा प्रसाद घेऊन कुरणात गेले, तर वास आला. गोलच्या मागे डुक्कर फिरत होते, सळईवर.

"स्लाजान, हे काय रे?"

"अगं आई, रविवारी मॅच आहे. घेवडा खाऊन कोणी गोल मारतो का?"

गोलकीपर तिहोमिर हाडूक चोखत म्हणाला, "आजी, संत लांब राहतात. त्यांना कुठे वास येतो!"

सगळे हसले. माझा मुलगाही हसला. पाद्रीबाबा पावाला आशीर्वाद द्यायला आलेच होते. ते कुरणाच्या फाटकातूनच परत फिरले. मी पाव न कापता घरी आणला.

तो पाव घरच्या पुरुषाने आणि दुसऱ्याने मिळून हातात फिरवायचा असतो. मी एकटी तो धरून उभी होते. खिडकीतून विदोसावाने पाहिले असावे. ती प्लमखालून आली आणि म्हणाली, "हात धुऊन आलेय." आम्ही दोघींनी फिरवला. वाटीभर गहू खाऊन ती गेली. पुन्हा बोललेली नाही, मीही नाही.

रविवारची मॅच ते सात-शून्यने हरले. मला वाईट वाटले नाही. हे पाप मी पाद्रीबाबांना सांगितले आहे.

४. संत निकोलस मी कोणाच्याही नावे करू शकत नाही. तो बापाकडून मुलाकडेच जातो. कुरण मात्र माझे आहे. कुरण आणि राडिशाने स्वतः जोडलेली रेषा आखायची चुन्याची गाडी स्लाजानला मिळावी, पण अट अशी: माझ्यानंतरच्या पहिल्या एकोणीस डिसेंबरला त्याने तसबीर घरी आणून जुन्या खिळ्यावर लावावी, खिडकीत सणाची मेणबत्ती पेटवावी, आणि सगळ्या संघाला टेबलाशी बसवून घेवडा खाऊ घालावा. तिहोमिरला दोनदा वाढावे. खिडकीत मेणबत्ती दिसली की नाही, ते विदोसावाने आपल्या स्वयंपाकघरातून पाहावे. तिचा शब्द शेवटचा. मेणबत्ती दिसली नाही, तर वीस तारखेला सकाळी तिने जुन्या स्लोगाला निरोप द्यावा. कुरण आणि गाडी त्यांची. चुना त्यांनी आपला आणावा.

५. माझ्या शवपेटीवर क्लबचा झेंडा घालू नये. उपासाचे दिवस असतील तर माझ्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणातही मांस नको.

घेवडा वरच्या फळीवरच्या बरणीत आहे, आदल्या रात्री भिजवावा. मेणबत्ती टेबलाच्या खणात आणून ठेवली आहे, काडेपेटी शेजारीच आहे. त्याने फक्त यायचे आहे.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

देसांका वुलेतिच

आमच्यासमोर सही केली:
१. पाद्री गेरासिम स्टानोयेविच
२. मिलुंका ड्रेनोवाक, निवृत्त पोस्ट कर्मचारी

यासिकोवो, २१ मार्च २०२४