तुझ्या किडनीची शपथ, कोळंबी मीच सोलली

सेरंगून, सिंगापूर
ऑगस्ट २००६

तीर्थरूप शुभदाताईस,

तुझ्या डाव्या किडनीच्या भाडेकरूचा साष्टांग नमस्कार. तुझ्याकडे उरलेली कशी आहे? इकडची मजेत आहे. (आत्ताच हायसं वाटून घे, पुढे तू चिडणार आहेस.)

तुझ्या भावजयीचा, म्हणजे आमच्या प्रेमाचा, फोन आलाच असेल. तिने सांगितलं त्यातलं निम्मं खोटं. मी कोळंबी सोलली, हे खरं. का सोलू नये? इथला मासळीवाला अंकल सोलून देतो, पण पाठीतला काळा दोरा तसाच ठेवतो! ऑपरेशनपासून मला माती बंद, अनवाणी चालणं बंद, कच्ची मासळी हाताळणं बंद. जहाजाची इंजिनं उघडलेला माणूस मी, कोळंबीला घाबरू? प्रेमा देवळात गेली आणि मी सिंकपाशी उभा राहिलो. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा बोटात घुसला. एवढंसं रक्त! हळद दाबली. आणि कालवण असं झालं म्हणून सांगू! (अंकलने आज मनावर घेतलं, असं प्रेमाला सांगितलं.)

महिन्याभराने बोटावर गाठ आली, मग मनगटापर्यंत एकीमागून एक. किमयाने (मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी तुझी भाची) "कॅनॉट वेट लाह, बाबा!" म्हणत हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी फिश टँक आहे का? मी बाणेदारपणे म्हटलं, आम्ही मासे पाळत नाही, खातो. प्रेमा शेजारीच बसलेली, कोळंबीचं नाव कसं काढणार? शेवटी गाठीचा तुकडा तपासला, तर निघाला माशांच्या पाण्यातला जंतू! तुझी किडनी शरीराने हाकलू नये म्हणून मी गोळ्या घेतो ना, त्यांनी अंगातले पहारेकरी झोपवलेले. हा आयता शिरला आणि मुक्काम ठोकून बसला. प्रेमाने वळून माझ्याकडे पाहिलं. अजून पाहतेच आहे.

तरी सांगतो, मी नमणार नाही. माणसाने काय दुधीभोपळ्यावर दिवस काढायचे?

भावजींना नमस्कार सांग, पत्र मात्र दाखवू नकोस.

तुझा हट्टी,
निशिकांत

ता. क. अक्षर वाकडं आहे, कारण उजव्या हाताला बँडेज आहे.

आणखी एक ता. क. जंतू हटेपर्यंत त्या पहारेकरी झोपवणाऱ्या गोळ्या कालपासून कमी केल्यात. पहारेकरी जागे झाले तर किडनीवरही धावून जातील म्हणतात. अजून तिने कुरकुर केलेली नाही. पण मला भीती वाटते गं, ताई. माझी स्वतःची असती तर एवढी वाटली नसती. दिवाळीपर्यंत थांबू नकोस, लगेच ये. कोळंबी तू सोल. दोरा नीट निघतोय का, ते मी लांब उभा राहून सांगेन.