भाजलेले मास्तर

ता. ९, सोमवार

चि. ताईस बाबांचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, माफ कर. तुझी पत्रं उशाखालीच आहेत. पेन सापडत नव्हतं असं लिहिणार होतो, पण माझं पेन कायम खिशात असतं हे तुला ठाऊक आहे.

आम्ही दोघं खुशाल. तुझी लेक भिंगरी शाळेत जाते, जेवते, माझ्यावर हुकूम सोडते. जिन्यातला दिवा गेलाय, घरमालकाला सांगून तोंड दुखलं. तुझं नोकरीतलं प्रशिक्षण कसं चाललंय? खोलीची खिडकी नीट लागते का? झोपताना कडी घालत जा.

आता भिंगरीच्या औषधाच्या पुड्यांचं. फोनवर तू विचारलंस तेव्हा मी "फरक आहे" म्हणालो. तेव्हा पोर समोरच बसून कोपर खाजवत होती. फरक नव्हता, ताई. गुडघ्यामागची कातडी तशीच लाल, सकाळच्या शिंका तशाच. तू लिहिलंयस की गुण आला नाही तर महिनाअखेर नोकरी सोडून परत येते. ते वाचल्यापासून मला काही सुचेना. खरं सांगावं तर तुझी नोकरी जाते, खोटं सांगावं तर पोरीचे हाल.

पुड्या देताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना नीट समजावलं होतं. आपल्या अंगात पहारेकरी असतात म्हणे, रोगांना अडवणारे. भिंगरीचे पहारेकरी जरा हडबडे. धुळीचा कण दिसला तरी चोर चोर करत काठ्या काढतात, आणि मार बसतो तो तिच्याच कातडीला. पुडीत चांगले जंतू आहेत. ते पोटात राहून या पहारेकऱ्यांचे मास्तर होतात, पाहुणा कोण नि चोर कोण ते शिकवतात. सगळ्याच मुलांना गुण येतो असं नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं.

मी मान डोलावली, पण जंतू हा शब्द काही घशाखाली उतरेना. अगं, इस्पितळात मी जन्मभर कात्र्या-चिमटे उकळले. जंतू म्हटलं की माझा हात शेगडीकडे जातो. तिचं लाकडी बदक उकळून उकळून मीच पांढरंफटक केलंय. तर मी काय करत होतो, पुडी दुधात घालायची आणि वर दणदणीत उकळी आणायची. जंतू चांगले असले तरी स्वच्छ असलेले बरे, असा माझा हिशेब. निवलेलं दूध दिलं की ती तोंड फिरवायची, रडायची. मी म्हणायचो, नखरे पुरे. आणि डोळे वटारून पाजायचो.

मागच्या आठवड्यात उकळी फुटताना ती ओट्याला नाक लावून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, ते मास्तर भाजत नाहीत का?"

"कोण मास्तर?"

"पुडीतले. मला रोज मेलेले मास्तर प्यायचे नाहीत."

शेगडी बंद केली नि पातेलं खाली उतरवलं. पाचवी नापास माणूस मी, पण एवढं तरी कळायला हवं होतं.

तसाच तिला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई झाडून काढतील असं वाटलं होतं. त्या हसू दाबत म्हणाल्या, "आजोबा, कात्री उकळायची, मास्तर नाही. आता कोमट दुधात द्या, आणि वाट बघा." मलम चालूच ठेवायचंय.

शेजारच्या शिंपीणबाईंना हे सांगितलं तर हसता हसता त्यांना सुईत दोरा ओवता येईना. म्हणाल्या, विरजण कधी उकळत्या दुधाला लावतात का हो? मी म्हटलं, आमच्याकडे विरजण हिची आजी लावायची. तशा त्या उठल्या, आणि दूध कोमट झालं की नाही ते करंगळी बुडवून कसं बघायचं तेवढं दाखवून गेल्या.

आता तसंच करतो. भिंगरी पेल्यात डोकावून "या मास्तर, बसा" म्हणते आणि गटागटा पिते.

झोपेत खाजवू नये म्हणून मी तिच्या हातांत मोजे चढवतो. आज सकाळी एक मोजा पलंगाखाली पडलेला आणि तो हात तिच्या गालाखाली. नवा ओरखडा एकही नव्हता. मलमाने असेल, योगायोगही असेल. मी उगाच हुरळत नाही. पण मोजा धुतला तेव्हा तो उकळायचा विसरलो, एवढं खरं.

म्हणून सांगतो, राजीनामा लिहून ठेवला असशील तर तो अजून देऊ नकोस. पुड्या हरलेल्या नाहीत, त्यांना मी संधीच दिली नव्हती. माझ्यावरचा भरवसा उडाला असेल तर तसं लिही, दूध शिंपीणबाई देतील. उरला असेल तर तेही लिही. पण लवकर लिही, ताई. टपालवाल्याची पावलं जिन्यात वाजली की हल्ली पोरीआधी मीच दाराशी धावतो, आणि माझा गुडघा तुला माहीत आहे.

तुझा, दूध कोमट करायला शिकलेला,
बाबा