शेवटच्या खणातली तीन पत्रं

अहो,

काल तुमचं वर्षश्राद्ध उरकलं आणि उद्या सकाळी रबिया पुण्याला निघते आहे. म्हणून आजच लिहून घेते. चाळीस वर्षं ग्रंथपालाच्या घरात काढली, पण सही म्हणून माझा अंगठाच! तेव्हा मी सांगते, रबिया लिहिते. व्हय, तीच. आपल्या मंगळवार पेठेतल्या बाइंडरची पोर, वाचनालयात तुमच्या हाताखाली चौदा वर्षं पुस्तकं उचललेली.

बरे आहात ना तिकडं? पुस्तकं असली तर हात लावू नका. पुन्हा कुणाला सापडायची नाहीत.

काय तुमची ती लावायची तऱ्हा! ना विषय, ना लेखक. ज्याची देणगी मोठी, त्याचं कपाट पुढं. यादीच्या कार्डावरही आधी दात्याचं नाव. गडमुडशिंगीचा तो शेतकरी आठवतो? उसाच्या रोगावरचं पुस्तक मागत तीन खेपा आला. तुम्ही आपले चष्म्यावरून, "देणगी कुणाची ते सांगा." चौथ्या खेपेला तो दारातूनच ओरडला, "ऱ्हाऊ दे की मास्तर, ऊस वाळला!" तुम्ही त्यालाच अडाणी म्हणालात. मी वाचनालय झाडता झाडता हसले, तर मलाही.

"सर, विषयवार लावूया का?" असं रबियानं एकदाच विचारलं. महिनाभर तिला नुसती धूळ झटकायला लावलीत. एवढी भीती? एका पोरीची?

मागच्या आठवड्यात तिनं कार्डांचा शेवटचा खण उपसला. मागं तीन पत्रं निघाली. पुण्याच्या ग्रंथपालन वर्गाची, तीन वेगवेगळ्या सालांची, तिच्या अर्जांना आलेली, तिच्या नावाची. फी माफ, राहायची सोय. ती उभ्यानं वाचत होती आणि मी निळा शिक्का ओळखत होते. "शेवटच्या खणात, अगदी मागं सार," म्हणून तुम्ही माझ्याच हातात द्यायचात. वाचता न येणारी बायको किती सोयीची, नाही का हो?

"काकू, ही तुम्ही ठेवलीत?"

"व्हय."

पत्रं घेऊन ती तशीच घरी गेली. आत्ताही नुसती लिहिते आहे, मान वर करत नाही. केस पिकलेत हो तिचे! वर्गात विशीच्या पोरींशेजारी बसेल. वाचनालयाच्या नव्या मंडळींनी पुन्हा तिचं नाव धाडलं, म्हणून चौथं पत्र तिच्या हातात पडलं. तुम्ही मेलात म्हणून पडलं.

इथं तिचा हात थांबला. "लिव्ह," म्हटलं.

आता ऐका. ती परतली की नवी कार्डं होतील. तुमच्या मोत्यासारख्या अक्षरातली जुनी मी ओच्यातून घरी आणीन आणि बंबात घालीन. एकही ठेवणार नाही. त्या कढत पाण्याचा पहिला तांब्या पत्रं सारणाऱ्या माझ्या ह्या उजव्या हातावर ओतीन. दुसरा तुमच्या हातावर ओतायला तुम्ही उरला नाहीत, एवढंच काय ते तुमच्या जाण्याचं दुःख.

अंगठा तुमच्या बायकोचा,
अक्षर रबियाचं.