जुन्या फरशीवरच बसवायचं

रामलिंग,

अप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यासोबत दुकानात होते. विनाइलच्या पट्ट्या खाली मांडून ते अनवाणी चालून बघत होते. मी म्हणाले, "अप्पा, प्लास्टिकवर राहायचं का आता? लोक हसतील."

"हसू दे की. ठोकाठोकी न्हाई, बास."

त्यांनी पसंत केलेल्या त्याच सागवानी रंगाच्या पट्ट्या आज दहाला येतील. मला सातचा वर्ग आहे, म्हणून लिहून ठेवते. पेट्या आडव्या ठेव आणि दोन दिवस बैठकीतच राहू दे. परवा अकरमभाई बसवायला येतील. ते म्हणतील, "जुनी शहाबादी उखडून टाकू, काम पक्कं होतंय." तुलाही तसंच वाटतं, माहीत आहे. तरी एकही फरशी फोडू देऊ नकोस. कारण विचारलं तर वर भाड्याने राहणाऱ्या मुलींची नीटची परीक्षा जवळ आलीय म्हणून सांग. आईचं नाव घेऊ नकोस.

घणाचा आवाज आला की ती अजून अंगणात धावते, हे तू पाहिलंयस. पण तू भूकंपानंतरचा. गावाकडचं घर पडलं तेव्हा सहा वर्षांची मीही तिच्या शेजारीच दबले होते. अप्पांनी दोघींना हातांनी उकरून काढलं. पुढे मी कधी धावले नाही, म्हणून सगळ्यांना वाटलं, ही विसरली.

आज पहाटे रिकाम्या बैठकीत उभी राहून मी मोठ्याने म्हणाले, "अप्पा, मलाही भीती वाटते. अजून."

ताई