मागच्या चाकाचा बोल्ट आणि अक्काची आखाजी

पाचोरा,
मंगळवार, सकाळ

आदरणीय भाईदासदाजी यांना,

तुमचा शालक भूपेंद्र याचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. गुडघ्यांना तेल लावता की नाही? (मागच्या खेपेला मी आणलेली बाटली तुमच्या देवळीत तशीच बूच न काढता दिसली. तेव्हा बोललो नाही, आता लिहितो.) इकडे ऊन असं पेटलंय की दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायचं नाव घेत नाही. आम्ही सगळे ठीक आहोत. आईची खाट ओसरीत होती तिथेच आहे. ती उचलायची गोष्ट निघाली की घरातल्या प्रत्येकाला एकदम काहीतरी काम आठवतं, मलाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. कारण तुमचा फोन उचलते अक्का. तुम्ही उचललात तरी तो स्पीकरवर असतो आणि तुमच्या दोन शब्दांत तिचे दहा येतात. जे सांगायचंय ते तिला सांगायची माझी छाती होत नाही. म्हणून आमच्या शेजारचा मोतीलाल दुपारी साडूकडे शिंदखेड्याला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. ते तिला दाखवू नका (ती वाचेलच, पण निदान तुम्ही दाखवलं असं व्हायला नको). मोतीलालला पाणी पाजा, चहा पाजा, पण बोल्टाबद्दल त्याला काही विचारू नका. त्याला त्यातलं काही कळत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आखाजी, म्हणजे तुमच्या कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. आई गेल्यानंतरची ही पहिलीच. तिच्या नावाची घागर यंदा भरायची आहे आणि ती अक्काच्या हातानंच भरायची, हे तेराव्याला सगळ्यांसमोर ठरलं होतं, तुम्हीही होतात. एरवीही आखाजीला अक्काला आणायला मुराळी म्हणून मीच येतो आणि मोटारसायकलवरच येतो, कारण तिला एसटी लागते. चारचाकीत तर दार लावल्याबरोबर तिला लिंबू हुंगावं लागतं. मागे एकदा मी भाड्याची गाडी केली होती, तेव्हा अमळनेरपर्यंत काय झालं ते त्या ड्रायव्हरला विचारा. तेव्हा मोटारसायकल नाही तर अक्का नाही आणि अक्का नाही तर घागर नाही. इतकी साधी गोष्ट आहे. आणि गाडीचं मागचं चाक निघत नाहीये.

झालं असं की मागचा ब्रेक पार गेला होता. पाय दाबला की गाडी विचार केल्यासारखी करायची आणि मग चालतच राहायची. एकटा असलो तर मी पाय घासून थांबवतो (सौ. सुलक्षणा म्हणते, चपलांचा खर्च गाडीच्या खात्यात धरा), पण मागे अक्का बसणार म्हटल्यावर असं चालायचं नाही. लायनर आणले. नवा लायनर टाकायचा म्हणजे मागचं चाक काढायचं आणि चाक काढायचं म्हणजे त्याच्यातून आरपार गेलेला लांब बोल्ट काढायचा. गॅरेजवाल्यांकडे लग्नसराईमुळे गाड्यांची रांग लागलेली. म्हटलं, आपण शेतकऱ्याची पोरं, घरीच करू. हे वाक्य मी मोठ्यानं बोललो, तीच चूक झाली. कारण त्यामुळे ते उखर्डूनानांनी ऐकलं.

नानांना तुम्ही ओळखताच, आमचे चुलते, लग्नात तुमच्या बुटांवर पाळत ठेवून बसले होते ते. त्यांनी खुर्ची उचलून थेट गाडीजवळ आणून मांडली. मी नटाला पाना लावला. नट अगदी गुणी निघाला, जरा कुरकुरला आणि सुटून हातात आला. मला इतका आनंद झाला की मी सुलक्षणाला चहा ठेवायला सांगितलं आणि झालंच म्हणून हात धुतले. नाना म्हणाले, "आरे भूपा, नट निंघना म्हंजे बोल्ट निंघना का?" नट निघाला तसा बोल्टही निघणारच, म्हणून मी हसलो. माणसानं कधी हसावं आणि कधी हसू नये, याची समज मला अजून यायची आहे.

बोल्ट जागचा हलला नाही. हातानं ओढला, पकडीनं ओढला, मग म्हटलं, पलीकडून ठोकू. थेट हातोडी घातली. बोल्ट आत जायच्या ऐवजी त्याचं तोंडच पसरलं, कुत्र्याच्या छत्रीसारखं. आता तो आत जाईना आणि नटही त्याच्यावर परत चढेना. म्हणजे घरात असलेली चालती गाडी मी माझ्या हातानं खुंटीला बांधली. कानशीनं घासून ते तोंड पुन्हा बारीक करण्यात माझी एक पूर्ण सुट्टी गेली. नाना खुर्चीवरून सांगत होते, "हाऊ बोल्ट नही, हाऊ खुटा शे!" आणि ते खरं होतं म्हणून जास्त राग येत होता.

मग औषधं सुरू झाली. मोतीलाल (त्याची पिठाची गिरणी आहे, त्यामुळे जगातली सगळी यंत्रं आपल्याला विचारून चालतात असा त्याचा समज आहे) डिझेल घेऊन आला. नानांचा डिझेलवर विश्वास नाही. त्यांनी जन्मभर बैलगाडीचे आख काढले, तेव्हा एरंडेलच. डिझेलवर एरंडेल पडलं. सुलक्षणानं उकळतं पाणी आणून दिलं, तेही पडलं. त्यानंतर चार घरांपर्यंत असा वास सुटला की पलीकडच्या इंदिराबाई चौकशीला आल्या, कोणाचं पोट बिघडलं म्हणून. पुढे ठोकताना हातोडीचा दांडा माझ्या हातात राहिला आणि डोकं उडून ओसरीत गेलं. तिथे सुलक्षणानं कुंभाराकडून आणलेली, आईच्या नावाची नवी घागर उपडी ठेवली होती. वीतभर अंतरानं वाचली. सुलक्षणानं घागर उचलली, आत नेली आणि दाराला आतून कडी घातली. नानांनी खुर्ची दोन हात मागे सरकवली.

दाजी, आता जे लिहितो ते गमतीचं नाही. बोल्टाच्या टोकाची घाण खरवडताना तांबडा गंज निघाला, त्यात कुंकवाचा थर आणि नारळाचे धागे. मोतीलाल म्हणाला, "एवढं पाणी आत गेलं कुठून?" मला माहीत होतं कुठून. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की लोक नारळ दगडावर फोडतात. आमच्या आईला ते कधी पटलं नाही. "दगडले कसाले परसाद?" म्हणायची. ती नारळ फोडायची मागच्या चाकाच्या या बोल्टावर, नेमका इथेच. मी एकदा चिडलो, म्हटलं, गाडी चालवणारा पुढे बसतो, पुढे फोड. तर म्हणाली, "मांगे मनी पोर बसस. मी तठेच फोडस." म्हणजे माझी काळजी तिला नव्हतीच असं नाही, पण आखाजीला मागे बसून येणाऱ्या लेकीची राखण व्हावी म्हणून ती दर दसऱ्याला अख्ख्या नारळाचं पाणी त्या बोल्टावर ओतायची. ते गोड पाणी वर्षानुवर्षं आत झिरपलं आणि बोल्ट आतल्या आत धरला. लेकीच्या वाटेसाठी केलेल्या पूजेनंच लेकीची वाट अडवली, आता याचा दोष कोणाला द्यायचा सांगा. मी तिथेच बसून राहिलो. मोतीलालला वाटलं, कंबर धरली. त्यानं बाम आणून दिला, मी तो लावलाही.

तेव्हा सारांश असा. नट बाहेर, बोल्ट आत, लायनर पिशवीत आणि गाडी स्टँडवर. मला यंदा मुराळी म्हणून येता येणार नाही. अक्काला तुम्ही तुमच्या पद्धतीनं समजावून सांगा की भाऊ विसरला नाही, लोखंडापुढे त्याचं काही चाललं नाही. घागर सुलक्षणा भरेल. सांजोऱ्या मी कोणाच्या तरी हाती पाठवून देईन. अक्कानं वाईट वाटून घेऊ नये. तुम्हीही आमच्याबद्दल मनात काही आणू नका. थोरांना नमस्कार, भाविकाला आशीर्वाद, तिला म्हणावं मामानं परीक्षेचं विचारलंय.

तुमचा आज्ञाधारक,
भूपेंद्र

ता. क. पाकीट चिकटवल्यावर लक्षात आलं की मोतीलाल काही गप्प बसणारा माणूस नाही. तुमच्या ओट्यावर टेकायच्या आत सांगून मोकळा होईल, त्यापेक्षा मीच सांगतो. बोल्ट निघालाय. रविवारीच निघाला. त्यानं गिरणीतली एक सळई आणून टोकाला टेकवली, मी ठोकलं आणि तो सरळ निघून पलीकडे पडला. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. लायनर बसले, चाक बसलं, ब्रेक आता असा लागतो की नाना घाबरले. गाडी धुऊन दारात उभी आहे. काल सकाळीही किक मारली, आजही मारली. चालू होते. मग मी बंद करतो आणि आत येतो.

ता. क. २. आता एवढं लिहिलंच आहे तर खरं कारणही लिहितो. अक्का गाडीवरून पुरती उतरायच्या आधीच फाटकातून आपण आल्याची हाक मारते, "माय व, मी उनू!" आणि चुलीपाशी असो नाहीतर न्हाणीत असो, आई तिथूनच ओ द्यायची. दाजी, सवयीनं ती यंदाही मारेल. मी हँडल धरून तिच्या पुढ्यात उभा असणार आणि आतून कोणी ओ देणार नाही. ते मला ऐकवणार नाही. खरंच नाही ऐकवणार. तेव्हा माझी विनंती एवढीच की तिला तिथूनच नीट सांगून ठेवा, फाटकाशी हाक मारू नकोस म्हणावं, मुकाट्यानं आत ये. एवढं कबूल करून घेतलंत तर मी लगेच निघतो.

ता. क. ३. पाकीट पुन्हा फोडलंय, चिकटपट्टी लावली आहे, माफ करा. पत्र सुलक्षणानं वाचलं. तुम्हाला माहीत आहे, नणंद-भावजयीचं फार जमतं अशातला भाग नाही. तिनं सगळं वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "त्यांना हाक मारू नका सांगणारे तुम्ही कोण? मारू द्या. ओ मी देईन." आणि पिठाच्या हातानंच कणीक मळायला परत गेली. तेव्हा वरचं काही अक्काला सांगू नका. मी उद्या ऊन चढायच्या आत पोचतो. तिची पिशवी भरून ठेवा.